‘चकमकफेम’ : गोळी कोण झाडणार, हे कुठे ठरतं?

२५ सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयात एका पिस्तुलावर बराच वेळ चर्चा झाली. दोनच दिवसांपूर्वी बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणाचा आरोपी पोलीस व्हॅनमध्ये मारला गेला होता. तळोजा तुरुंगातून त्याला नेत असताना मुंब्रा बायपासजवळ त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावलं, गोळी झाडली, अधिकारी जखमी झाला आणि मग दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाला ते पचनी पडत नव्हतं. रिव्हॉल्व्हर एक वेळ कोणीही चालवेल, पण पिस्तूल चालवायला सराव लागतो, स्लाइड मागे ओढायला जोर लागतो. मग या माणसाला ते कसं जमलं? व्हॅनमधल्या चार पोलिसांना एक माणूस आवरला नाही? आणि गोळी थेट डोक्यात का? हातावर किंवा पायावर का नाही?

रस्त्यावर तोवर पेढे वाटून झाले होते. फटाके वाजले होते. ‘बदला पुरा’ असे फलकही लागले होते. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने व्हॅनमधल्या पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं आणि प्रकरण न्यायालयात लढलं जात राहिलं. त्याचा निकाल काय लागायचा तो लागेल. मला त्या सुनावणीतला शेवटचा प्रश्न सोडवेना. गोळी कुठे मारायची, हे पोलिसांना शिकवतात काय? आणि कोणाच्या हातात बंदूक द्यायची, हे कोण ठरवतं?

माझ्या शाळेतले दोन मित्र पोलीस भरतीच्या मागे तीन-तीन वर्षं होते, त्यामुळे यातला पहिला टप्पा मला तोंडपाठ आहे. पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मग १०० गुणांची लेखी परीक्षा. त्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. समोरच्याने शिवी दिली तर हा माणूस काय करेल, घाबरला तर काय करेल, याला त्या १५० गुणांत एकही गुण नाही. निवड झाली की साधारण नऊ महिन्यांचं प्रशिक्षण. मरोळ, खंडाळा, अकोला अशा केंद्रांमध्ये कवायत, कायदा, लाठी, रायफल. फौजदार व्हायचं असेल तर नाशिकची अकादमी. ही संस्था १९०६ साली पुण्याजवळच्या भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. म्हणजे आपल्याकडे पोलिसांना शिकवण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. शिकवतच नाहीत, ही तक्रार खरी नाही.

काय शिकवतात, ते मात्र बघण्यासारखं आहे. जमावावर गोळीबार करायची वेळ आली तर नेम खाली धरायचा, ही आपल्याकडची जुनी शिकवण. हातापायावर गोळी मारण्याची लोकांच्या मनातली कल्पना बहुधा तिथूनच आली असावी. पण एकटा माणूस दहा फुटांवरून अंगावर येत असेल, तर पायावर नेम धरणं जवळजवळ अशक्य असतं. पाय हलतो, तो अरुंद असतो, आणि मांडीतली धमनी फुटली तर माणूस पायावरच्या गोळीनेही मरतो. म्हणून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सशस्त्र पोलिसांना छातीच्या मध्यावर नेम धरायला शिकवतात. म्हणजे न्यायालयाचा प्रश्न रास्त असला, तरी त्याचं उत्तर नेमबाजीत सापडत नाही. मुळात गोळी झाडायची वेळ आली होती का, हे आधी विचारावं लागतं.

त्यावर कायदा दीडशे वर्षांपासून जवळजवळ एकच गोष्ट सांगतो आहे. पोलिसाला माणूस मारण्याचा वेगळा असा अधिकार नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेने जो स्वसंरक्षणाचा हक्क तुम्हाला-मला दिला, तोच त्याला. अटक करताना लागेल तेवढं बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही त्याचा जीव घेता येत नाही, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४३ झालं. मार्च १९९७ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्या. व्यंकटचलय्या यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हेच पुन्हा सांगितलं. वेगळा अधिकार नाही, त्यामुळे प्रत्येक मृत्यू हा आधी तपासायचा मृत्यू.

कायदा असा सरळ असताना मुंबईत काय झालं, त्याचा इतिहास एका शब्दातून सुरू होतो.

‘एन्काउंटर’ म्हणजे साध्या इंग्रजीत समोरासमोर गाठ पडणं. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला ‘चकमक’ हा शब्द वापरला. चकमक म्हणजे गारगोटी. ठिणगी पडायला तिच्यावर दुसरं काहीतरी आपटावं लागतं. ‘चकमकीत ठार’ असं छापलं की गोळ्या दोन्हीकडून झाडल्या गेल्या, हे वाक्यानेच ठरवून टाकलेलं असतं. बातमीदाराला वेगळं काही लिहावं लागत नाही. पुढे मराठी पत्रकारितेने यातून एक विशेषण घडवलं, ‘चकमकफेम’. साहित्यसंमेलनाच्या पत्रिकेत ‘सुप्रसिद्ध कवी’ छापतात, तसं अधिकाऱ्याच्या नावाआधी ‘चकमकफेम’ छापलं जाऊ लागलं. दुसऱ्या भाषेत हा शब्द मी पाहिलेला नाही.

मुंबईतली पहिली चकमक म्हणून ११ जानेवारी १९८२ ची तारीख सांगतात. वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वे मारला गेला. पोलीस अधिकारी राजा तांबट आणि इसाक बागवान. मन्या रत्नागिरी जिल्ह्यातला, कीर्ती कॉलेजातून पदवी घेतलेला, खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेला आणि १९७९ मध्ये कैदेतून पळालेला. पळालेला, शिक्षा झालेला, शस्त्र बाळगणारा माणूस असल्याने कायद्याच्या चौकटीत तरी ही घटना बसवता येत होती. बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. संपाने बेकार झालेली गिरणगावातली पोरं टोळ्यांकडे वळली, असं त्या पिढीतले लोक सांगतात. पुढच्या दहा वर्षांत खंडणी हा शहराचा एक उद्योग होऊन बसला.

१६ नोव्हेंबर १९९१. अंधेरीतलं लोखंडवाला संकुल. ए. ए. खान यांच्या नेतृत्वाखाली पोलिसांनी एका इमारतीला वेढा घातला. आत माया डोळस, दिलीप बुवा आणि त्यांचे साथीदार. मध्यमवर्गीय वस्तीत दिवसाउजेडी काही तास गोळीबार चालला आणि सात जण मारले गेले. वडाळ्याची घटना लोकांनी दुसऱ्या दिवशी वाचली होती. ही मात्र चालू असतानाच चित्रित झाली. दोन्हींवर पुढे सिनेमे आले, लोखंडवालावर २००७ मध्ये आणि वडाळ्यावर २०१३ मध्ये. माझ्या वयाच्या बहुतेकांना हा इतिहास माहीत आहे तो असा, गाण्यांसकट.

आता त्या ‘निवडी’कडे येतो. नाशिकहून १९८३ साली फौजदारांची एक तुकडी बाहेर पडली. त्यात प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, रवींद्र आंग्रे ही नावं होती. ‘८३ ची बॅच’ म्हणून तिच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे, की नाशिकला त्या वर्षी काही वेगळंच शिकवलं असावं असं वाटावं. पण त्याच वर्षी, त्याच मैदानावर, तीच कवायत करून इतरही कित्येक फौजदार बाहेर पडले आणि त्यांनी आयुष्यभर चोऱ्यांचे पंचनामे केले. बंदोबस्त केले आणि ते निवृत्त झाले. त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. म्हणजे फरक प्रशिक्षणाने पडला नाही. तो नंतर पडला. पहिली चकमक झाल्यावर त्या अधिकाऱ्याचं काय झालं, त्याला गुन्हे शाखेत घेतलं का, खबऱ्यांसाठी मोकळीक मिळाली का, वरिष्ठांनी पाठ थोपटली का, यावरून पुढची माणसं ठरत गेली.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच ओळखीची वाटते. एखाद्या टीमचं मोजमाप ‘किती बग बंद केले’ यावर सुरू केलं, की तीन महिन्यांत ती टीम बग बंद करण्यात पटाईत होते. बग दुरुस्त होतोच असं नाही. तिकीट बंद होतं. त्यासाठी कोणाला वाईट माणूस असावं लागत नाही. आकडा भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसला की पुरे. मुंबईत तो स्क्रीन वर्तमानपत्रांचा होता. कोणाच्या नावावर किती, हे बातम्यांत क्रिकेटच्या भाषेत येऊ लागलं. अमक्याने पन्नाशी ओलांडली, तमक्याने शतक गाठलं. शर्मा यांच्या नावावर शंभरहून अधिक चकमकी लावल्या गेल्या. १९९५ मध्ये दाखल झालेले दया नायक यांच्या नावावर ऐंशीच्या घरात. २००४ च्या ‘अब तक छप्पन’ या सिनेमाचं नावच आकडा आहे. दोषारोपपत्र वेळेत दाखल करणाऱ्या, साक्षीदार टिकवून शिक्षा लावून आणणाऱ्या फौजदाराचा आकडा कधी कोणी छापला नाही.

हे सगळं पोलिसांच्या डोक्यावर फोडून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. नव्वदच्या दशकात बिल्डर, हॉटेलवाले, सिनेमावाले यांना दुबईहून फोन येत होते. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमार यांना अंधेरीत देवळाबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. खटले वर्षानुवर्षं चालत, साक्षीदार फिरत, आरोपी जामिनावर सुटत. टाडा कायदा १९९५ मध्ये संपला होता आणि मोक्का यायला १९९९ उजाडलं. मधल्या त्या चार वर्षांत पोलिसांच्या हातात काय होतं, असा प्रश्न तेव्हाचे अधिकारी विचारतात, आणि तो फालतू नाही. आमच्या घरातही वडील पेपर वाचून ‘बरं झालं, एक कमी झाला’ म्हणायचे, आणि ते मुंगीलाही न मारणारे गृहस्थ आहेत. लोकांना न्याय हवा होता आणि तो लवकर हवा होता. न्यायालयं तो देत नव्हती. शहराने पोलिसांना तोंडी परवानगी दिलेली होती.

फक्त ती परवानगी कोणाविरुद्ध वापरली जाते आहे, हे तपासायची सोय शहराकडे नव्हती. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकी झाल्या आणि त्यांत सुमारे १३५ माणसं मेली. हे आकडे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल, या संघटनेने न्यायालयात नेलेल्या प्रकरणातले आहेत. ९९ वेळा गुंडांनी आधी गोळी झाडली आणि ९९ वेळा पोलिसांचा नेम बरोबर लागला, असं मानायचं असेल तर मानता येतं. १३५ पैकी किती जण खरंच गोळ्या झाडत होते, हे सांगणारा एकमेव साक्षीदार बहुतेक वेळा गोळी झाडणाराच होता. फिर्यादही त्याच पोलीस ठाण्यात, मेलेल्या माणसावर खुनाचा प्रयत्न केल्याची. आरोपी मृत, म्हणून प्रकरण बंद. उच्च न्यायालयातून सुरू झालेलं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघायला २०१४ साल उजाडलं.

इथे मुंबई क्षणभर सोडून न्यूयॉर्कला जावं लागेल, कारण एका मोठ्या शहराने हाच प्रश्न आपल्या दहा वर्षं आधी हाताळला आणि त्याची नोंद नीट ठेवली. १९७१ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळ्यांनी ९३ माणसं मेली. शहर तेव्हा आपल्या नव्वदच्या मुंबईइतकंच अस्वस्थ होतं. पोलीसही मारले जात होते. ऑगस्ट १९७२ मध्ये खात्याने एक आदेश काढला. जीव वाचवण्यासाठीच गोळी झाडायची. पळणाऱ्याला केवळ पळतो म्हणून मारायचं नाही, इशाऱ्याची गोळी बंद. आणि नुसता आदेश काढून ते थांबले नाहीत. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा लेखी हिशोब द्यायचा, अगदी चुकून सुटलेल्या गोळीचासुद्धा. तो हिशोब तपासायला वरिष्ठांचं एक मंडळ नेमलं. जेम्स फाइफ नावाच्या, त्याच खात्यात लेफ्टनंट असलेल्या माणसाने पुढे या नोंदी घेऊन डॉक्टरेट केली. आदेशानंतर गोळीबार लक्षणीय घटला, आणि त्यामुळे पोलीस जास्त संख्येने मारले गेले, असं काही दिसलं नाही. २०१० पर्यंत मृतांचा वार्षिक आकडा ८ वर आला. मधल्या काळात शहरातली गुन्हेगारीही उतरली, त्यामुळे सगळं श्रेय आदेशाला देता येणार नाही. पण पहिली घट झाली ती गुन्हेगारी जोरात असताना, आणि तेच जुने पोलीस बंदुका घेऊन फिरत असताना. भरतीचे निकष बदलून किंवा नवी पिढी घडवून ती आली नव्हती. प्रत्येक गोळीनंतर एक फॉर्म भरावा लागणार आणि तो कोणीतरी वाचणार, एवढाच फरक पडला होता.

न्यूयॉर्कचे पोलीस संत झाले असं नाही. १९९९ मध्ये अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर चौघांनी ४१ गोळ्या झाडल्या, त्या याच शहरात. पण त्या ४१ आहेत, हे आपल्याला माहीत आहे.

मुंबईकडे परत येताना एक रात्र टाळता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने नोंदवलेल्या त्रुटींपैकी एक अशी, की शहराच्या क्विक रिस्पॉन्स टीमला सरावासाठी काडतुसं पुरत नव्हती. बंदूक चालवण्यासाठीच निवडलेल्या आणि शिकवलेल्या तुकडीला गोळ्या मिळत नव्हत्या, आणि त्याआधीची पंधरा-वीस वर्षं शहरात गोळ्या झाडत होते ते मात्र कोणत्याच चाळणीतून न गेलेले मूठभर अधिकारी. त्यांतले एक, विजय साळसकर, त्या रात्री हेमंत करकरे आणि अशोक कामटे यांच्याबरोबर कामा हॉस्पिटलच्या गल्लीत मारले गेले. त्या रात्री समोरून खरोखरच गोळ्या येत होत्या. साळसकरांच्या आधीच्या चकमकींबद्दल काय वाटायचं ते वाटो, त्या गल्लीत जायला जे लागतं ते त्यांच्याकडे होतं, आणि ते कबूल केल्याशिवाय हा इतिहास लिहिता येत नाही.

काही वेळाने गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या नाकाबंदीने एक गाडी अडवली. दोनपैकी एक दहशतवादी पोलिसांच्या गोळीने मेला. दुसऱ्याच्या एके-४७ ची नळी सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी धरून ठेवली. त्यांच्या हातात लाठी होती. वीसहून अधिक गोळ्या अंगावर घेऊन ते गेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला काठ्यांनी बडवून जिवंत पकडलं. डोळ्यांदेखत सहकारी मेलेला असताना त्या हवालदार-फौजदारांनी त्याला तिथेच संपवलं असतं, तर देशात कोणीही चौकशी मागितली नसती. कसाब जिवंत हाती लागला म्हणून कट कुठे शिजला, बोट कुठून निघाली, फोनवर कोण होतं, हे जगासमोर कोर्टात मांडता आलं. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे, आधी लष्करात होते. त्यांच्या नावामागे ‘चकमकफेम’ लावण्याचं कारण कधी पडलं नव्हतं.

त्याच्या दोन वर्षं आधी, ११ नोव्हेंबर २००६ ला, रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया याला एका मित्रासह वाशीहून उचललं गेलं. त्याचा भाऊ वकील. त्याने दुपारीच पोलीस आयुक्तांना तारा आणि फॅक्स पाठवले, की माझ्या भावाला पोलिसांनी नेलं आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे. रात्री बातमी आली. वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ चकमक, लखन भैया ठार. चकमक होण्याच्या कित्येक तास आधी तिची तक्रार सरकारी टपाल खात्याच्या शिक्क्यानिशी नोंदली गेली होती. इतर चकमकींमध्ये नातेवाइकांचा शब्द विरुद्ध पोलिसांचा शब्द असा सामना असायचा, इथे एक वेळ नोंदवलेला कागद होता. माझ्या धंद्यात याला टाइमस्टॅम्प म्हणतात, आणि वाद मिटवायला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नसतं.

तरी अठरा वर्षं लागली. उच्च न्यायालयाने २००९ मध्ये विशेष पथक नेमलं. लखन भैयाबरोबर उचललेला मित्र महत्त्वाचा साक्षीदार होता. साक्षीच्या काही दिवस आधी, मार्च २०११ मध्ये, तो बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. १२ जुलै २०१३ रोजी सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप सुनावली आणि प्रदीप शर्मा यांना निर्दोष सोडलं. चकमकीसाठी पोलिसांना अशी शिक्षा होण्याची राज्यातली ही पहिली वेळ मानली जाते. दोन दिवसांनी, १४ जुलैला, देशातल्या तार सेवेचा शेवटचा दिवस होता. शर्मा २०१७ मध्ये पुन्हा सेवेत आले, ठाण्यात खंडणीविरोधी पथकाचे प्रमुख झाले, २०१९ मध्ये राजीनामा देऊन नालासोपाऱ्यातून विधानसभा लढले आणि हरले. १९ मार्च २०२४ ला न्या. मोहिते-डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने त्यांची सुटका रद्द करून जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथून त्यांना तूर्त दिलासा मिळाला.

या प्रवासात भरतीची चाचणी किंवा नाशिकचा अभ्यासक्रम कुठेच आडवा आला नाही. २०१७ मधली ती नेमणूक मात्र पाहा. अपील प्रलंबित असलेल्या अधिकाऱ्याला त्याच प्रकारच्या कामावर परत नेमायचं की नाही, हा निर्णय कोणीतरी टेबलावर बसून घेतला होता. चाळणी म्हणायची तर ती ही. पोलिसांच्या प्रशिक्षणावर बोलताना आपण अठरा-वीस वर्षांच्या उमेदवाराबद्दल बोलत राहतो, आणि ज्या फायलींवर मंत्रालयात सह्या होतात त्यांच्याबद्दल बोलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला हे बहुधा कळलं होतं. पीयूसीएलच्या प्रकरणात २३ सप्टेंबर २०१४ रोजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी १६ नियम घालून दिले. खबर मिळाली की ती लिहून ठेवायची. मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. दंडाधिकाऱ्यांची चौकशी होणारच. शस्त्र जमा करायचं. गोळी झाडणाऱ्या पोलिसाच्या घरी कळवायचं आणि गरज पडली तर समुपदेशन द्यायचं. त्याच्या मनाचं काय होतं, याची दखल मला या सगळ्या इतिहासात पहिल्यांदा इथे दिसली. आणि यादीच्या शेवटाकडे एक नियम असा, की घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्याचं बक्षीस द्यायचं नाही. शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यायचं. सोळातला हा एकच नियम थेट त्या भिंतीवरच्या स्क्रीनवर बोट ठेवतो. बदलापूरच्या आरोपीला व्हॅनमध्ये गोळी लागली, तेव्हा त्या निकालाला दिवसाच्या हिशोबाने दहा वर्षं पूर्ण झाली होती.

त्याच निकालात एक तक्ता आहे. पोलिसांच्या गोळीबारात झालेल्या मृत्यूंची माहिती प्रत्येक राज्याच्या पोलीस महासंचालकांनी वर्षातून दोनदा, १५ जानेवारी आणि १५ जुलैपर्यंत, मानवाधिकार आयोगाकडे पाठवायची. रकाने ठरवून दिले आहेत. घटनेची तारीख आणि ठिकाण. पोलीस ठाणं. कोणत्या परिस्थितीत मृत्यू झाला. स्वसंरक्षण, जमाव पांगवताना, की अटक करताना. थोडक्यात हकिकत. गुन्हा क्रमांक. तपास कोणाकडे. चौकशीचा निष्कर्ष काय. दोषी आढळले तर त्या पोलिसांची नावं.

मी तो तक्ता दोनदा वाचला, कारण आमच्याकडे नवा डेटाबेस हाती आला की आधी रकानेच वाचतात. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याची ही कितवी घटना, असा रकाना त्यात नाही.